हिरडीच्या खिशात मुरणारं औषध

दातांच्या डॉक्टरांनी तपासून ‘आधी डीप क्लिनिंग करू, मग दोन-तीन ठिकाणी चिप ठेवू’ असं सांगितलं, की अकोला-अमरावतीकडच्या पेशंटचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘डॉक्टर साहेब, एखांदी गोळीच देऊन द्या ना, हे घासाघाशी कायले करता?’ प्रश्न अगदीच वावगा नाही. गोळी स्वस्त असते, खिशात टाकून घरी जाता येतं, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शहराच्या चकरा मारायची कोणाला हौस आहे? पण हिरडीच्या आतला संसर्ग नुसत्या गोळीला का जुमानत नाही आणि ही औषधाची इवलीशी चिप काय करू शकते, काय नाही, हे आधी कळलं तर पैसे नेमक्या जागी खर्च होतात आणि काही दातही वाचतात.

आपल्याकडे या दुखण्याला सरसकट पायोरिया म्हणतात. निरोगी हिरडी दाताला घट्ट बिलगलेली असली तरी दोघांच्या मध्ये एक बारीक खाच असतेच. तिची खोली साधारण 1 ते 3 मिलिमीटर. दातावरचा चिकट थर रोज निघाला नाही तर तो टणक होऊन त्याचं कीटण बनतं, हिरडी सुजते, मुळापासून सुटू लागते, खालचं हाड झिजतं आणि त्या खाचेचा 5, 6, कधी 8 मिलिमीटर खोल खिसा होतो. ब्रशचे केस तिथवर पोचत नाहीत. आत हवा खेळत नाही, आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जंतूंना नेमकी अशीच जागा मानवते. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हे सहसा दुखत नाही. पेरू चावताना त्यावर रक्ताचा डाग दिसतो, सकाळी तोंडाला वास येतो, पुढच्या दातांत पूर्वी नव्हती ती फट पडते, आणि माणूस ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो.

या खिशात औषध टिकवणं फार अवघड. हिरडीतून एक पातळ द्रव सतत पाझरत असतो. 5 मिलिमीटरच्या खिशातला हा द्रव तासाभरात सुमारे 40 वेळा बदलतो, असा हिशोब संशोधकांनी मांडला आहे. म्हणजे पिचकारीने आत सोडलेलं औषध काही मिनिटांत धुऊन बाहेर. गुळण्यांचं तर त्याहून वाईट. क्लोरहेक्सिडिनच्या 0.2 टक्के माउथवॉशच्या 10 मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम औषध असतं, पण ते हिरडीच्या कडेखाली जेमतेम उतरतं आणि बाकीचं बेसिनमध्ये जातं. गोळीची अडचण वेगळी: ती पोटातून रक्तात, रक्तातून अख्ख्या शरीरात फिरते आणि खिशात तिचा अगदी थोडा अंश पोचतो. शिवाय हे जंतू सुटे नसतात, एकमेकांना धरून चिकट थरात दडलेले असतात. सुट्या जंतूंना मारायला जेवढं औषध पुरतं, त्याच्या शेकडो पट या थरातल्या जंतूंना लागू शकतं.

वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागाईतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाने पाणी सोडलं की निम्मं वाया जातं, ठिबकने थोडंच पाणी मुळाशी दिवसभर मिळतं. हिरडीच्या खिशात ठेवायची औषधं याच विचारातून आली. बोस्टनच्या मॅक्स गुडसन आणि सहकाऱ्यांनी 1979 साली टेट्रासायक्लिन भरलेल्या बारीक पोकळ धाग्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे 1994 साली अमेरिकेत अशा धाग्याला मान्यता मिळाली. 23 सेंटिमीटरचा तो धागा हिरडीखाली गुंडाळून बसवायचा आणि 10 दिवसांनी काढायचा. बसवणाऱ्याची आणि बसवून घेणाऱ्याची, दोघांचीही परीक्षा. मग जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधनातून जिलेटिनची चिप आली, तिला अमेरिकेत 1998 साली मान्यता मिळाली. तिच्यात क्लोरहेक्सिडिन फक्त 2.5 मिलिग्रॅम. त्यातलं सुमारे 40 टक्के पहिल्या 24 तासांत सुटतं, उरलेलं पुढच्या आठवडा-दहा दिवसांत हळूहळू, आणि चिप आपोआप विरघळते. त्याच सुमारास डॉक्सिसायक्लिनचं आत जाऊन घट्ट होणारं जेल आलं आणि 2001 साली मिनोसायक्लिनचे सूक्ष्म कण. या कणांची एका खिशातली मात्रा 1 मिलिग्रॅम असते. तेच औषध तोंडाने घ्यायचं तर एका कॅप्सूलमध्ये 50 किंवा 100 मिलिग्रॅम येतं. पोटातल्या उपयोगी जंतूंना कशाचा त्रास कमी, हे आकड्यांतच दिसतं.

भारतात यातलं सगळंच सहज मिळतं असं नाही. इथल्या दवाखान्यांत जास्त दिसतात त्या दोन गोष्टी: कोलॅजनवरची क्लोरहेक्सिडिनची चिप आणि टेट्रासायक्लिन मुरवलेले कोलॅजनचे तंतू. दोन्ही चेन्नईकडच्या कंपन्या बनवतात आणि दोन्ही अंगातच जिरतात, काढायला परत जावं लागत नाही. मेडिकलमध्ये ट्यूबमधून मिळणारं मेट्रोनिडाझोल-क्लोरहेक्सिडिनचं जेल मात्र यांच्या पंगतीत बसत नाही. ते हिरडीवर चोळायचं वरवरचं औषध आहे. पुष्कळ जण तीन-तीन महिने तेच चोळत बसतात आणि आतला खिसा खोल होत राहतो.

आता फायदा किती, ते. इथे जाहिरात आणि वस्तुस्थिती यांत बरंच अंतर आहे. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत नुसत्या साफसफाईने 9 महिन्यांनी खिशाची खोली सरासरी 0.65 मिलिमीटरने कमी झाली, साफसफाई आणि चिप मिळून 0.95 मिलिमीटरने. म्हणजे चिपचा वाटा एक तृतीयांश मिलिमीटरहूनही थोडा कमीच. ऐकायला ही काहीच गोष्ट नाही. पण साफसफाईनंतरही 5 मिलिमीटरवर अडून बसलेला खिसा त्यामुळे 4 वर आला तर तो पुढे ब्रशने आणि तपासणीने सांभाळता येतो, ऑपरेशन टळतं. 9 मिलिमीटरचा खिसा, खाली हाडाला खड्डा आणि दात जिभेने हलतो आहे, अशा ठिकाणी चिपची भाषा करणं म्हणजे पेशंटचे पैसे आणि महिने दोन्ही वाया घालवणं. तिथे हिरडी उघडून साफ करायचं छोटं ऑपरेशन लागतं, किंवा तो दात काढावा लागतो. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेनं 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत या औषधांबद्दल ‘विचार करता येईल’ एवढंच जपून म्हटलं आहे. मला ती भाषा योग्य वाटते.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी साफसफाई, त्यातही वरवरची नव्हे तर हिरडीखालच्या मुळावरची, लागेल तिथे बधिर करून. मग घरची स्वच्छता नीट चालू आहे का ते बघायचं. चार ते सहा आठवड्यांनी, काही डॉक्टर त्याहून उशिरा, खिसे पुन्हा मोजायचे. पुष्कळ खिसे एवढ्यानेच भरून आलेले असतात. जे हट्टी उरतात, 5 मिलिमीटर किंवा जास्त, आणि मोजायची सळई लावताच ज्यातून रक्त येतं, तिथे चिप. पहिल्याच भेटीत, कीटण तसंच असताना सगळ्या दातांना चिप टाकू म्हणणाऱ्या ठिकाणी दुसरं मत घ्यायला लाजू नका.

साफसफाईबद्दल आपल्याकडे भीती फार. ‘मशीन लावली अन् दातं हालून राह्यले’ ही तक्रार गावोगाव ऐकू येते. खरं म्हणजे दात आधीच हलत असतात, कीटणाच्या पुलाने ते एकमेकांना धरून ठेवलेले असतात, आणि पूल काढला की हलणं जाणवतं. कीटण दाताला वाचवत नाही, हाड खातं. दुसरी समजूत खारपाणपट्ट्यातली. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूरकडच्या गावांत हिरड्यांच्या दुखण्याचा सगळा दोष पाण्याला जातो. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारं आहे आणि त्याचे इतर त्रास आहेतच, पण दातावरचं कीटण आपल्याच लाळेतल्या आणि हिरडीच्या द्रवातल्या क्षारांनी बनतं आणि ते धरायला चिकट थर लागतो. थर रोज काढला तर खारं पाणी पिणाऱ्याच्या हिरड्याही चांगल्या राहतात.

खर्ऱ्याचं तसं नाही, तो खराच गुन्हेगार आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा विदर्भात पानठेल्यावर मिळतोच. राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणाच्या 2016-17 च्या फेरीत राज्यातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले. गालात पुडी जिथे धरली जाते तिथली हिरडी खाली सरकते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून खर्रा खाणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येऊ शकतं आणि त्याला वाटतं आपलं बरं चाललं आहे. तंबाखू चालू असताना साफसफाईचा आणि चिपचा, दोन्हींचा परिणाम कमी मिळतो. सुपारीने तोंड उघडणं कमी झालं असेल तर मागच्या दाढांपर्यंत हातही पोचत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा असेल, तर हिरडीचं नंतर, आधी ते दाखवा. सोडायची इच्छा असेल तर 1800112356 ही राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी आहे.

चिप ठेवायचं काम बघितलं तर फार साधं वाटतं. तिची लांबी 5, रुंदी 4 मिलिमीटर आणि जाडी कागदी पुठ्ठ्याएवढी, एक बाजू गोलसर. डॉक्टर दाताभोवती कापसाचे बोळे ठेवून जागा कोरडी करतात, चिमट्यात चिप धरतात आणि गोल बाजू खाली करून एका झटक्यात खिशात तळापर्यंत सरकवतात. झटका लागतो, कारण ओल लागली की चिप मऊ पडते आणि चिमट्याला चिकटते, मग ती आत जात नाही. सुई नाही, टाके नाहीत. थोडा दाब जाणवतो. एका खिशाला एक चिप, आणि त्या जिलेटिनच्या चिपच्या माहितीपत्रकाप्रमाणे एका भेटीत जास्तीत जास्त 8. तंतूंचं काम थोडं वेगळं: ते सलाइनमध्ये भिजवून खिशात भरतात आणि वरून कधीकधी झाकण म्हणून गुलाबी लगदा लावतात.

होकार देण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावं अशा गोष्टी आहेत आणि चांगला डॉक्टर त्याने चिडत नाही. माझे खिसे किती खोल आहेत, त्याचा तक्ता दाखवा. प्रत्येक दाताभोवती 6 जागी मोजून लिहिलेला कागद असला पाहिजे, तो नसेल तर चिप कुठे ठेवायची हे ठरलं तरी कशावरून? दर चिपमागे किती पैसे, आणि एकूण किती चिप? पाकिटावरची मुदत काय? अशी औषधं थंड, कोरड्या जागी ठेवायची असतात, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पाकीट एसीत होतं की नुसत्या कपाटात, हे विचारण्यात काही गैर नाही.

आणि चिप कशापासून बनली आहे? हा प्रश्न वऱ्हाडात विशेष. जिलेटिन आणि कोलॅजन प्राण्यांपासूनच मिळतं. आपल्याकडे मिळणाऱ्या एका प्रचलित चिपचं कोलॅजन माशापासून काढलेलं असतं. पंढरीचा माळकरी असो, रिद्धपूरचा महानुभाव असो की जैन, तोंडात काय जिरणार आहे हे त्याला आधी कळायलाच हवं. नंतर कळून मनाला लागण्यापेक्षा आधी विचारून नाही म्हणणं बरं. नाही म्हटलं तर उपचार अडत नाही, साफसफाई आणि लागलं तर ऑपरेशन हे मार्ग आहेतच. माशाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर हे न विसरता सांगावं. क्लोरहेक्सिडिनची तीव्र ॲलर्जी क्वचित असते, पण असते. आधी माउथवॉशने किंवा ऑपरेशनच्या वेळी लावलेल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील तर बोला. गरोदर बाईने आणि 8 वर्षांखालच्या मुलांनी टेट्रासायक्लिनच्या जातीतलं औषध टाळायचं असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, किडनीचा आजार असेल, तर साफसफाईच्या आधीच सांगा आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

शुगरवाल्यांसाठी जरा थांबून सांगतो. साखर वाढलेली असली की हिरडीचा संसर्ग भडकतो, आणि हिरडी सुजलेली असली की साखर आवरत नाही, असा दुतर्फा संबंध आहे. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात हिरड्यांच्या उपचारानंतर 3-4 महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, सरासरी 0.43 टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. मधुमेहाच्या एखाद्या जादा गोळीच्या तोडीच्या जवळ जाणारा हा आकडा आहे, तरी आपल्याकडे फिजिशियन तोंड उघडायला क्वचितच सांगतात. दातांच्या डॉक्टरकडे जाताना ताजा एचबीएवनसीचा रिपोर्ट बरोबर न्या. आणि मधुमेह्याचे वरच्या जबड्यातले दात काही दिवसांतच, अचानक हलायला लागले, गाल बधिर झाला, नाकातून काळपट पाणी आलं, तर तो पायोरिया समजू नका. 2021 च्या कोविडच्या लाटेनंतर काळ्या बुरशीने विदर्भातही लोकांचे जबडे गेले, ते असेच सुरू झाले होते. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

मेडिकलमधून ‘दाताची गोळी’ मागून खायची सवय मोडायला हवी. बहुतेक वेळा हातात पडते ती कुठली तरी ॲन्टिबायोटिक आणि वेदनाशामकाची जोडगोळी. दोन दिवसांत ठणका कमी होतो, गोळ्या अर्ध्यात सुटतात, कीटण आणि जंतूंचा थर जागच्या जागी राहतो, आणि त्यातले चिवट जंतू तगतात. ॲन्टिबायोटिक गोळीची खरी गरज पडते ती संसर्ग पसरतो आहे असं दिसल्यावर: ताप, चेहऱ्यावर सूज, गाठी. चिपचाही तिथे उपयोग नाही. तडतडून सुजलेल्या, पू भरलेल्या खिशात ती ठेवत नाहीत. तिथे आधी पू काढावा लागतो. आणि जबड्याखाली गळ्यापर्यंत कडक सूज, गिळता न येणं, जीभ वर उचलली जाणं, श्वासाला त्रास, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. अकोल्यात सर्वोपचार, अमरावतीत इर्विन, रात्रीच जा. या सुजेने माणूस दगावतो.

मुळाच्या आतला, म्हणजे रूट कॅनालमधला संसर्ग हा वेगळा प्रकार, पण तिथेही हळूहळू काम करणारं औषध ठेवतात. डॉक्टर कॅनाल साफ करून आत पांढरा लगदा भरतात आणि एक-दोन आठवड्यांनी या म्हणतात. तो बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा असतो, म्हणजे शुद्ध केलेला विझवलेला चुनाच. 1920 च्या सुमारास जर्मनीत हर्मान यांनी तो दातांच्या उपचारात आणला. त्याचा तीव्र क्षारपणा जंतूंना मारतो. पण म्हणून पानाच्या डबीतला चुना किडलेल्या दातात भरायचा नाही, त्याने गाल आणि हिरडी भाजते. ठणका थांबला म्हणून पुढची भेट टाळणारे फार, आणि वरची तात्पुरती भर निघाली की आतला संसर्ग परततो.

कुठे जावं? साफसफाई कोणताही दातांचा डॉक्टर करतो. खोल खिसे बरेच असतील तर हिरड्यांचा तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट गाठावा. अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं दंत महाविद्यालय आहे, अकोल्याजवळ कान्हेरी सरपला डॉ. राजेश रामदासजी कांबे दंत महाविद्यालय आहे. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय 1968 पासून आहे. महाविद्यालयात वेळ जास्त जातो, विद्यार्थी हात चालवतात, पण वरून शिक्षकांची नजर असते, तपासून तक्ता भरायची शिस्त असते आणि खर्च सहसा खासगीपेक्षा कमी येतो.

चिप ठेवल्यावर त्या बाजूने पहिले काही दिवस ज्वारीच्या भाकरीचा कडक पापुद्रा, चिक्की, फुटाणे खाऊ नका. बाकी दातांना ब्रश नेहमीसारखा चालू, फक्त त्या फटीत 10 दिवस दोरा घालायचा नाही आणि काडीने कोरायचं नाही. राखुंडी आणि मिसरी कायमची बंद. एक-दोन दिवस थोडं ठणकणं, लालसर होणं चालतं. वाढत गेलं, सूज आली, ताप आला तर दाखवा. चिप निसटली तर घाबरण्यासारखं नाही, फक्त कधी निसटली ते लक्षात ठेवा: 48 तासांच्या आत पडली तर नवी ठेवतात, 7 दिवसांनंतर पडली तर काम झालं असं धरतात, आणि मधल्या काळात पडली तर पुन्हा न ठेवता 3 महिन्यांनी मोजतात. ही 3 महिन्यांची मोजणी सगळ्यांनाच करायची आहे, चिप टिकलेल्यांनाही. खिसा 5 मिलिमीटरच्या खाली आला असेल तर पुढे नुसती नियमित साफसफाई, तिथेच असेल तर दुसरी चिप की ऑपरेशन, ते तेव्हा ठरतं. पहिला तक्ता जपून ठेवा, आणि त्या दिवशी तो बरोबर न्या.